शेळीच्या दुधातला लसूण

लसूण दुधात शिजवायचा तर पाकळ्या सोलून आदल्या रात्री ताकात भिजत घालतात. त्यानं उग्रपणा कमी होतो. सकाळी त्या धुऊन ठेचायच्या, दूध आणि तेवढंच पाणी घालून मंद आचेवर ठेवायच्या. पाणी आटून दूध तेवढं उरलं की गाळायचं. आधी घरभर लसणाचा वास सुटतो, मग तो बदलतो आणि खवा भाजल्यासारखा होतो. एका वर्षी श्रावणापासून दसऱ्यापर्यंत हा वास आमच्या घरात रोज सकाळी होता. त्यानंतर तो कधी आला नाही.

निजामाच्या राज्याची ती शेवटची काही वर्षं. आम्ही औरंगाबादेत शहागंजच्या मागच्या एका गल्लीत राहत होतो. वडील तहसील कचेरीत कारकून होते. कचेरीचं काम उर्दूत चाले आणि सुट्टी शुक्रवारी असे. मी मुलींच्या शाळेत जात होते. माझी मोठी बहीण, जिला मी आक्का म्हणायची, चिकलठाण्याच्या पुढच्या एका खेड्यात दिलेली होती. तिला चार वर्षांची एक मुलगी होती. त्या मुलीनंतर आक्काच्या पोटात गाठ धरली होती.

आषाढात मेहुण्यांनी तिला बैलगाडीतून आणून सोडलं. ती गाडीतून उतरली तेव्हा तिचे ओठ आणि गाल एकाच रंगाचे होते. महिन्याच्या दिवसांत तिला अतोनात जायचं, आणि जायचं ते गाठी-गाठींनी. आईनं तिला ओसरीवर बसवून डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली.

"रक्त राहिलंच नाय की गं अंगात."

"हाय थोडं," आक्का म्हणाली. "तुझ्या जावयानं ठिवलंय येचणीपुरतं."

कापसाच्या वेचणीला घरात बाई हवी, एवढाच त्या बोलण्याचा अर्थ होता. मेहुणे खाली मान घालून हसले. ते भले गृहस्थ होते. जाताना त्यांनी विचारलं, दिवाळीपर्यंत होईल का सगळं? आक्का म्हणाली, "होतंय की. येचणीला मी येते." हे ती पुढं सगळ्यांना सांगत राहिली. शेजारणीला, दूधवालीला, दवाखान्यातल्या आयांना. येचणीला मला घरी जायचंय.

जनाना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई हैदराबादच्या होत्या. उर्दू बोलत, मराठी समजत. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की गाठ काढावी लागेल, पण आज नाही. अंगात रक्त कमी आहे. दसऱ्यानंतर या, तोवर खाऊ-पिऊ घाला. त्यांनी लोहाचं औषध बाटलीत दिलं आणि कळ आली की घ्यायला पांढऱ्या गोळ्या दिल्या. आक्काला कळ रोजच यायची, त्यामुळं गोळ्याही रोजच घेतल्या गेल्या.

खाऊ-पिऊ घाला हे वाक्य आईनं मनावर घेतलं.

तिचा हिशेब सरळ होता. गाठी पडतात म्हणजे रक्त घट्ट झालेलं आहे. तेच घट्ट रक्त पोटात साचून मोठी गाठ झाली. रक्त पातळ केलं तर पडणाऱ्या गाठी थांबतील, आणि कोणी सांगावं, आतली गाठही विरघळेल. रक्त पातळ करायला लसणासारखं दुसरं काही नाही, हे तिला तिच्या आईकडून ठाऊक होतं. गारखेड्याकडून एक धनगर बाई शहरात शेळीचं दूध घालायला यायची. तेव्हा तिकडे सगळी शेतं आणि माळरान. आईनं तिला लेकीसाठी वेगळं दूध लावलं.

"लई गुणाचं हाय शेळीचं," ती बाई म्हणाली. "समदा पाला खाती ती. तुमच्या लेकीला दहा झाडांचं औशिद एका घोटात."

पहिल्या दिवशी आक्कानं वाटी नाकाजवळ नेली आणि लांब धरली.

"माय, हे मला प्यायचंय का अंगाला चोळायचंय?"

"पी गुमान."

"नवरा जवळ यायचा नाय माझ्या."

"तवर काय तो येत नाय हितं. पी."

आमची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून होती. ते हिमरूचं नक्षीदार कापड विणणारं मुसलमान कुटुंब. मागाचा आवाज दिवसभर आमच्या घरात ऐकू यायचा. तो थांबला की जेवणाची वेळ झाली, असं आम्ही धरायचो. त्या घरातल्या बाईंना आम्ही खाला म्हणत असू. आई त्यांना आपा म्हणे. आक्काचं लग्न होईपर्यंत ती आमच्या घरात होती तेवढीच खालांच्या घरात होती. लसणाचा वास भिंतीपलीकडे गेला तेव्हा त्या ओढणी सावरत आल्या.

"क्या बाई, बकरी का दूध, लसन, इतना सब कर रहे, और हमारे हकीमसाब कू भूल गए?"

"भुलले नाय, आपा. पर त्यान्ला दवाखान्याचं कळलं तर?"

"कायकू बोलना? हकीम के सामने दाक्तर का नाम नक्को. और दाक्तरनी के सामने हकीम का नक्को. हर एक की इज्जत हर एक के घर में."

आईला हे पटायला वेळ लागला नाही, कारण तिचीही रीत तीच होती. आमच्या गल्लीत सगळ्यांचीच होती. वैद्याकडे जाऊन हकिमाचं नाव काढायचं म्हणजे त्याच्या विद्येवर अविश्वास दाखवायचा. हकिमापुढं दवाखान्याचं बोलणं तसंच. शहाणी माणसं तीन ठिकाणी उपचार करत आणि तिन्ही ठिकाणी म्हणत, फक्त तुमच्यावरच विसंबून आहोत. याला कोणी खोटं बोलणं म्हणत नसे. त्याला अदब म्हणत.

खालांचे यजमान शहागंजातल्या हकीमसाहेबांकडून माजून घेऊन आले. मातीच्या कुल्हडात काळसर, चिकट, मधाचं चाटण होतं. सुंठ, लवंग, दालचिनी, कलौंजी ओळखू येत होती, बाकीचं येत नव्हतं. पोटातल्या गाठीवर आणि रक्त साफ करायला, असं त्यांनी सांगितलं होतं. हकीमसाहेबांना ऑपरेशनचं सांगितलं नव्हतं. झोपताना एक चमचा घ्यायचा होता. आक्काला ते आवडलं. तिची मुलगी चमचा चाटायला मागायची, आणि आई तिच्या हातावर मारायची, की हे औषध आहे, खेळ नाही.

श्रावणातल्या एकादशीला एक अडचण आली. आमच्या घरात एकादशीला कांदा-लसूण शिवत नसत. आक्का उपास करायची, आजारी असूनही. वडिलांनी जेवायला बसताना विचारलं, आजच्या दुधाचं काय? आईनं आधीच विचार केलेला होता.

"औषधानं उपास मोडत नाय. औषध म्हणून घेतला की त्यो लसूण ऱ्हात नाय."

वडील म्हणाले, "मग ठीक."

हे लिहून ठेवण्याचं कारण पुढं येईल.

भाद्रपदात आक्काला खरंच बरं वाटू लागलं. ती चार पावलं चालून खालांकडे जाऊन बसे. तिथं मागाजवळ बसून ती आणि खाला गप्पा मारत, तेव्हा खालांचे यजमान म्हणत, तुम्हा दोघींच्या बडबडीत माझा एक धागा चुकला तर फूल गाढव होईल. आईला सगळ्यात जास्त आनंद वेगळ्या गोष्टीचा झाला. आक्कानं तिला सांगितलं की महिन्याच्या दिवसांत आता गाठी पडत नाहीत. जातं तेवढंच, पण पातळ जातं.

"बघ," आई म्हणाली. "लागू पडलं."

ते लागू पडलं होतं, याबद्दल मला आज शंका नाही.

दोन गोष्टी मी त्याच सुमारास पाहिल्या. तेव्हा त्या कोणालाच मोठ्या वाटल्या नाहीत. पहिली, आक्का सकाळी राखुंडीनं दात घासून थुंकली की थुंकी लाल असायची. आई म्हणाली, वाईट रक्त बाहेर पडतंय. दुसरी गोष्ट बांगड्यांची. दसऱ्यासाठी हिरव्या बांगड्या भरायला आई, आक्का आणि मी शहागंजात गेलो. कासारानं नेहमीसारखा आक्काचा हात दाबला, अंगठा आत मुडपला आणि बांगडी चढवली. दुसऱ्या दिवशी तिचा पंजा अंगठ्याखाली निळा झाला होता. दौत सांडावी तसा. तिसऱ्या दिवशी तो निळेपणा मनगटावर उतरला. कासारानं माझाही हात तसाच दाबला होता, त्याला काही झालं नव्हतं.

खालांनी तो हात आपल्या हातात घेऊन पाहिला. "नाजुक हो गई मेरी बच्ची. ससुराल जाके कपास कैसी चुनेगी?"

"दस्ताने विणून द्या हिमरूचे," आक्का म्हणाली.

"हौ, नवाब की बेटी है ना तू."

आम्ही हसलो. बांगड्यांचा निळा हात हा त्या दसऱ्यातला एक विनोद होऊन राहिला.

दसरा झाल्यावर आक्काला दाखल केलं. त्या आधी दवाखान्याच्या व्हरांड्यात आमच्यापुढं एक बाई होती. तिनं सांगितलं की ती हकिमाचा लेप लावते आहे. डॉक्टरीणबाई तिच्यावर आमच्यादेखत संतापल्या. पहिले वो सब बंद करो, फिर आओ, असं म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. ती बाई बोचकं उचलून रडत गेली. आक्कानं आईकडे पाहिलं. आईनं पदर घट्ट केला.

आमची पाळी आली. डॉक्टरीणबाईंनी पापणी पाहिली, नाडी पाहिली, आणि विचारलं, "कोई दवा? हकीम का, वैद का, घर का कुछ?"

आई म्हणाली, "नाय जी. तुमचीच बाटली आन् गोळ्या."

मी आईच्या मागं उभी होते. आई घाबरलेली दिसली नाही. तिच्या मनाशी ते उत्तर खरं होतं असं मला वाटतं. लसूण हे जेवण आहे, दूध हे जेवण आहे, आणि माजूनचं नाव इथं काढलं तर या बाईंचा अपमान होईल, आक्काला परत पाठवतील, आणि वेचणी हुकेल. एकादशीला देवापुढं जो लसूण औषध होता, तो डॉक्टरीणबाईंपुढं जेवण झाला. दोन्ही वेळा आईला लेक बरी व्हायला हवी होती.

"कल सुबह," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रात से कुछ नहीं. पानी भी नहीं."

सकाळी आई आणि खाला दवाखान्यात लवकर पोचल्या, मी त्यांच्यासोबत होते. आईनं पिशवीतून कुल्हड काढलं. लसणाचं दूध तिनं केलं नव्हतं, कारण दूध म्हणजे पिणं. माजून मात्र आणलं होतं.

"आपा, उपासाला औषध चालतंय. एक बोट देऊ का? बळ राहील."

खाला म्हणाल्या, "हमारे रोजे में तो दवा भी नहीं चलती, बाई."

"तुमचा रोजा कडक. आमचा देव ऐकतो जरा."

"तुम्हारे में चलता है तो दे दो."

आक्कानं आईचं बोट चाटलं. मग आईच्या बोटाला दात लावून म्हणाली, "लहानपणी चावायची तशी चावू का?"

"चाव. पर रडू नको आत."

"मी कशाला रडू? मी तर झोपणार हाय."

तिला आत नेलं. गावाहून आलेले मेहुणे अंगणातल्या लिंबाखाली बसले होते. वडील त्यांच्याजवळ उभे होते. आम्ही बायका व्हरांड्यात. दुपारच्या आत डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, गाठ निघाली, मोठी होती, मुलगी शुद्धीवर येते आहे. आईनं त्यांचे पाय धरले. त्यांनी तिला उठवलं, पण लगेच गेल्या नाहीत.

"खून ज़रा ज़्यादा बह रहा है," त्या म्हणाल्या. "तुम्हारे घर में किसी को ऐसा था? चोट लगी तो खून रुकता नहीं, ऐसा?"

"नाय जी. कुणालाच नाय."

हे खरं होतं. आक्काचं बाळंतपण आमच्याच घरात झालं होतं, सुईणीच्या हातून, आणि तेव्हा काही वेगळं घडलं नव्हतं.

आक्काला वॉर्डात आणलं. तिच्या पोटावर पट्टा होता. तो बदलला, पुन्हा भिजला. पुन्हा बदलला. आतून कापडाचे बोळे भरले गेले. शिरेतून मिठाचं पाणी दिलं. एकाचं रक्त दुसऱ्याला देण्याची सोय त्या काळी आमच्या मुलखात नव्हती. डॉक्टरीणबाई संध्याकाळपर्यंत घरी गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. त्या वाईट डॉक्टर होत्या, असं मला आजही म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आक्काला मधून मधून शुद्ध होती. तिचा निळा हात आईच्या हातात होता. हिरव्या बांगड्या ऑपरेशनच्या आधी काढून माझ्याकडे दिलेल्या होत्या. ती म्हणाली, "माय, त्यांना सांगू का? माजूनचं, लसणाचं?"

आई म्हणाली, "आता कशाला? आता झालंच की ऑपरेशन."

"रागावतील व्हय?"

"रागावतील. झोप तू."

आक्का म्हणाली, "बरं." मग तिनं विचारलं की पोरगी जेवली का. मी म्हणाले, जेवली, खालांकडे आहे, मागाखाली खेळते आहे. ती म्हणाली, "धागा तोडंल ती." तिचं यानंतरचं बोलणं मला समजलं नाही. दुपारी ती गेली. बाहेर ऊन होतं आणि लिंबाखाली मेहुणे झोपलेले होते, कारण रात्रभर ते जागे होते. त्यांना उठवायला वडील गेले आणि बराच वेळ नुसते त्यांच्या उशाशी उभे राहिले.

खालांच्या घरचा माग त्या दिवशी थांबला होता. तो तेरा दिवस थांबला. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

अंत्यविधीच्या दुसऱ्या सकाळी दारात हाक आली, "दूध!" गारखेड्याच्या त्या बाईला कळवायचं राहून गेलं होतं. तिनं लोटा पुढं केला आणि म्हणाली, "आज जरा जास्तच घातलंय. दवाखान्यातून आली का लेक?" आई चुलीपाशी बसली होती. ती उठली, भांडं घेऊन गेली, दूध मोजून घेतलं, आत आणून ठेवलं. मग तिथंच खाली बसली. त्या बाईला खालांनी बाजूला नेऊन सांगितलं. ती रस्त्यावरच मटकन बसली आणि तिचा आवाज गल्लीभर गेला. आमच्या घरात तोवर कोणी मोठ्यानं रडलं नव्हतं.

मेहुणे वेचणीला एकटे गेले. मुलगी आमच्याकडे राहिली.

पुष्कळ वर्षांनी मी एका दैनिकात उपसंपादक होते. आरोग्याच्या पुरवणीसाठी एका डॉक्टरांचा लेख माझ्या टेबलावर आला. मुदतीचं काम होतं, मी तो उभ्या उभ्या वाचत होते. लेखात लिहिलं होतं की शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस लसूण, आलं यांचे काढे, अर्क, गोळ्या मोठ्या प्रमाणात घेत असाल तर त्या बंद कराव्यात. रक्त गोठण्यात त्या अडथळा आणू शकतात. वेदनाशामक गोळ्यांपैकी काही गोळ्याही तेच करतात. दोन्ही एकत्र घेतल्यास धोका वाढतो. हिरड्यांतून रक्त येणं आणि थोड्या दाबानं अंगावर निळे डाग पडणं ही खूण असू शकते. झाडपाल्याचं आहे म्हणून डॉक्टरांना सांगायचं टाळू नये. जेवणातला रोजचा लसूण वेगळा, औषध म्हणून घेतलेला वेगळा.

मी लेखात दोन स्वल्पविराम बदलले आणि तो पुढं पाठवला.

नेमकं काय झालं हे सांगता येणार नाही. मोठी गाठ होती, आधीच अंगात रक्त कमी होतं, त्या काळच्या शस्त्रक्रियेत रक्तस्रावानं बायका एरवीही जात. लसूण दिला नसता तर आक्का वाचली असती, असं कोणताही डॉक्टर लिहून देणार नाही. दवाखान्याच्या पांढऱ्या गोळ्यांचा वाटा किती, हकिमाच्या माजूनचा किती, लसणाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. तिघांनी तिचं भलं पाहिलं आणि तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. एवढं मात्र नोंदवता येतं, की रक्त पातळ व्हावं म्हणून आईनं जे दिलं, त्यानं रक्त पातळ होतं.

तो लेख वाचला तेव्हा आई हयात नव्हती. माझा पहिला विचार असा होता की बरं झालं, तिला कळलं नाही. पण तो विचार टिकला नाही, कारण मला एक जुनी सकाळ आठवली. तिचा अर्थ मी तोवर वेगळा लावत आले होते.

ती सकाळ अजून निजामाच्याच राज्यातली. आक्काची मुलगी आठ वर्षांची झाली होती. तिचा घसा सारखा सुजायचा, ताप यायचा. गाठी काढाव्या लागतील असं ठरलं. घशातल्या गाठी, टॉन्सिलच्या. पण घरात गाठ हा शब्द आला तेव्हा आई पाणी भरत होती, ती घागर तशीच ठेवून आत गेली. त्या मधल्या चार वर्षांत आमच्या स्वयंपाकात लसूण नव्हता. फोडणीतही नव्हता. मी ते दुःखामुळं आहे असं समजत होते. वास आला की आठवण येते म्हणून.

तोच दवाखाना होता, डॉक्टर नवे होते, पुरुष. हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंची बदली झाली होती. वडील, आई, मी आणि पोरगी, असे चौघं त्यांच्यापुढं बसलो. त्यांनी पोरीच्या घशात पाहिलं, तिला हसवलं, आणि मग वर न बघता सवयीनं विचारलं, "कोई दवा चल रही? हकीम-वैद का कुछ?"

वडील म्हणाले, "जी नहीं."

आई त्या आधी एक शब्द बोलली नव्हती. आता ती बोलायला लागली, थांबून थांबून, पाठ केल्यासारखी.

"लसूण. शेळीच्या दुधात, रोज सकाळी. रातभर ताकात भिजवून. आन् शहागंजातल्या हकीमसाहेबांचं माजून, रोज झोपताना एक चमचा. आन् तुमच्या दवाखान्याच्या पांढऱ्या गोळ्या, रोज. लोहाची बाटली. आन् ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पण माजून, एक बोट. हात निळा झाला व्हता. दातातून रक्त यायचं."

डॉक्टरांनी मान वर केली. "इस बच्ची को?"

"हिला नाय जी," आई म्हणाली. "हिच्या मायला."

डॉक्टरांनी वडिलांकडे पाहिलं. वडील खिडकीकडे पाहत होते. पोरगी माझ्या पदराच्या टोकाशी खेळत होती. तिला काही समजलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. म्हातारी माणसं दुःखात भरकटतात, तसं काही असेल असं मला वाटलं.

"वो कहाँ हैं?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्या बाईंनी विचारलं व्हतं," आई म्हणाली. "मी नाय म्हणले."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मग त्यांनी आईला आजी म्हटलं, आणि पोरीला घरी काही देता का हे पुन्हा, हळू आवाजात विचारलं. आई म्हणाली, "भाकरी, वरण, दूध. दुधात काय बी नाय. तुम्ही बघा पाहिजे तर." आणि तिनं पोरीचा हात ओढून डॉक्टरांपुढं केला, तळवा वर करून, अंगठ्याखालची जागा दाबून दाखवली. तिथं काही उमटलं नाही. तिनं पुन्हा दाबलं. पोरगी म्हणाली, "आजी, दुखतंय की."

ऑपरेशन लहान होतं. व्हरांड्यात खाला आमच्याबरोबर बसल्या होत्या. आईनं पोरीला त्या दिवशी काही दिलं नव्हतं, बोटभरसुद्धा नाही. पाणी मागितलं तरी दिलं नव्हतं. घसा कोरडा पडून पोरगी रडली होती, आणि आई म्हणाली होती, "आज रोजा हाय. उपास नाय, रोजा." खालांनी तेव्हा तोंड फिरवलं होतं.

आया बाहेर आली. आई उठली.

"रक्त थांबलं का?"

"थांबलं, आजी. पोरगी हुशार हाय. बर्फ मागती."

आई बसली. आया बादली घेऊन परत आत जाताना आई पुन्हा उठली.

"रक्त थांबलं का?"

"सांगितलं न्हवं का? कवाच थांबलं."

"बरं," आई म्हणाली आणि खाली बसली. खालांनी तिचा हात धरून ठेवला. आतून पोरीचा घोगरा आवाज येत होता, ती कोणाला तरी तिची आजी कुठं आहे ते विचारत होती. मी म्हणाले, आई, जा ना आत, तुला बोलावतेय. आई उठली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, रक्त थांबलं का.